अर्धी साखर दिवाळीला, अर्धी पाडव्याला



आपल्या पत्रिकेत लागवडीच्या तारखा, पाचट, ठिबक, खोडवा, तोडीचा क्रम यांवर नेहमी लिहून येते आणि ते यायलाच पाहिजे. पण ऊस तुटून गाडीत भरला की आपले काम संपले, मागे उरली ती वजनाची पावती आणि बिलाची वाट, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. त्याच उसाची साखर होऊन पुन्हा आपल्याच घरात येते. घरात आल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्या सर्वसाधारण सभेत कोणी विचारलेला आठवत नाही.

काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. सभासदांची सवलतीची साखर दिवाळीच्या तोंडावर एकरकमी मिळते. थोडी फराळाला लागते, थोडी लेकीबाळींकडे जाते. उरलेली चहात विरघळते, नाहीतर गावातल्या दुकानदाराकडे जाते आणि त्या पैशात घरातला दुसरा किराणा येतो. पुढे मृगाच्या संत्र्याचा तोडा निघतो, मागोमाग आंब्याला कैऱ्या लोंबू लागतात, तेव्हा घरात मुरांब्यापुरतीही साखर नसते. मग घरची बाई त्याच दुकानातून बाजारभावाने साखर आणते, किंवा मुरांब्याचा विचारच सोडून देते. आणि लेकरांच्या डब्यासाठी तयार जामची बाटली घरात येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपले फळ आणि आपली साखर यांची गाठ आपल्याच घरात पडली पाहिजे. त्यासाठी साखर वेळेवर मिळाली पाहिजे. म्हणून निम्मी साखर दिवाळीला द्या आणि निम्मी गुढीपाडव्याच्या आत द्या. विषय वरवर पाहता चुलीपुढचा वाटेल, पण तो वावराचाही आहे आणि संचालक मंडळाचाही आहे.

फळ आपले, साखर आपली, बाटली परक्याची

वऱ्हाडात फळाला तोटा नाही. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे आहेत. अकोल्याकडे कागदी लिंबू आहे. बांधावर आंबा, कवठ, चिंच आहे. हिवाळ्यात पेरू येतो, अंबाडीची लाल बोंडे येतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव नागपूरचे असले तरी ते संत्रे पिकवणारा आपला अमरावती जिल्हा काही मागे नाही.

पण या संत्र्याची एक खोड आहे. साल सैल असते, म्हणून सोलायला सोपे. आणि त्याच कारणाने ते नाजूक. दूर पाठवावे तर दबते, ठेवावे तर फार दिवस टिकत नाही. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या मागेपुढे एकदम बाजारात उतरतो. बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्याने २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा त्याची झळ थेट वरूड-मोर्शीच्या बगीच्यापर्यंत पोचली. व्यापारी निवडून माल उचलतो. मोठे, चकचकीत फळ जाते आणि बारीक व डागी फळ मागे राहते. सालीवर डाग पडला म्हणून फोडीची गोडी कमी होत नाही. पण त्याला भाव नसतो, तोडायची मजुरीही निघत नाही, म्हणून ते झाडाखाली सडते.

ताज्या फळावरच सारी भिस्त ठेवू नये, हा विचार जुना आहे. 'नोगा' नावाच्या बाटल्या आपण दुकानात पाहिल्या असतील. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन या नावाची ती आद्याक्षरे. संत्रा बागायतदारांच्या संस्थेचे ते नाव पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या मालावर आले. फळ पिकवणाऱ्याने फळाचा पुढचा माल करावा, हे आपल्या विदर्भातल्याच माणसांना सुचले होते. उसाच्या बाबतीत प्रवरानगरला १९५० साली हेच घडले. ऊस विकणारा शेतकरी साखरेचा मालक झाला. आपला कारखाना त्याच वाटेवरचा. मग साखरेच्या मालकाने, घरी संत्री सडत असताना, दुकानातून जाम आणावा यात काहीतरी चुकते आहे.

तयार बाटली वाईटच असते असे मी म्हणत नाही. कायद्याप्रमाणे साध्या जाममध्ये वजनाने निदान ४५ टक्के फळ असावे लागते. पण बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जो जास्त तो आधी. बहुतेक बाटल्यांवर पहिले नाव साखरेचे असते. फळ मागून येते, त्यापुढे रंग आणि वास. म्हणजे आपण पुन्हा साखरच विकत घेतो, आणि तीही फळाच्या भावाने. साखर आपली स्वस्त जाते आणि महाग होऊन परत येते.

हे इंग्रजी खाणे नव्हे

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की जाम-बीम ही शहरी पोरांची थेरं. तसे नाही. नाव इंग्रजी आहे, वस्तू आपल्याच घरातली आहे. साखर आणि आंबा मिळून साखरांबा, गूळ आणि आंबा मिळून गुळांबा, आणि मेथी घातली की मेथांबा. मेथांब्यात काय नसते? कैरीचे आंबट, गुळाचे गोड, तिखटाचा झणका आणि मेथीचे किंचित कडू. आज शहरात मिरची घातलेला जाम नवीन चीज म्हणून विकला जातो. आपल्या आज्या तो पोळीबरोबर वाढीत आल्या. एखाद्या म्हातारीला शिकवायला जाल तर ती म्हणेल, "मले कायले शिकवता? माह्या सासूनं गुळांबा शिकवला हाय." तिचे बरोबर आहे. शिकायचे असेल तर आपणच तिच्याकडून शिकायचे आहे. फक्त कैरीवर जे ती करते तेच संत्र्यावर करायचे आहे, आणि संत्र्याला दोन गोष्टी वेगळ्या लागतात, त्या सांगतो.

कारखान्यात चुना, घरात लिंबू

आपण साखरवाले आहोत, तेव्हा हे आपल्याला लवकर समजेल. ऊस पक्व झाला का हे पाहायला शेतकी खात्याचे लोक येतात, रसाचा थेंब काचेवर टाकून ब्रिक्स पाहतात. पक्व उसाचा ब्रिक्स अठरा-वीसच्या पुढे असतो. ब्रिक्स म्हणजे शंभर भाग रसात विरघळलेला गोडवा किती, असे धरून चाला. मुरांबा टिकायचा असेल तर त्याचा ब्रिक्स ६५ च्या वर गेला पाहिजे. तेवढी साखर झाली की ती पाणी धरून ठेवते, बुरशीला आणि जंतूंना वाढायला मोकळे पाणी मिळत नाही. म्हणून मुरांबा वर्षभर राहतो. त्यात जादू नाही आणि त्याला औषधही लागत नाही.

आता कारखाना आणि चूल यांतला फरक पाहा. कारखान्यात रसाला चुन्याची निवळी देतात. कारण रस आंबट राहिला आणि तापला तर साखर फुटते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, आणि ती साखर दाणा धरत नाही. तेवढा उतारा बुडाला. चुन्याने आंबटपणा मारला की साखर वाचते, आणि पुढे पॅनमध्ये तिचा दाणा बांधता येतो. पॅनमन बोटावर पाक घेऊन दाणा पाहतो, कारण दाण्यावरच सारे गणित आहे.

घरी नेमके उलटे. मुरांब्यात दाणा पडला की मुरांबा बिघडला. चार महिन्यांनी बरणीच्या तळाशी खडीसाखर मिळते. म्हणून घरी पाकात लिंबू पिळायचे. लिंबाच्या आंबटाने थोडी साखर फुटते आणि ती उरलेल्या साखरेला दाणा धरू देत नाही. कारखान्यात ज्याला नुकसान म्हणतात, तेच मुरांब्याचे राखण करते. आणि आंबटपणा असला की जंतूंनाही आणखी धाक बसतो.

तिसरी गोष्ट घट्टपणाची. फळात एक चिकट पदार्थ असतो, त्याला पेक्टिन म्हणतात. पेक्टिन, साखर आणि आंबट हे तिन्ही प्रमाणात जुळले की जाम आळतो. कैरीत पेक्टिन आणि आंबट दोन्ही भरपूर, म्हणून तिचा गुळांबा सहज जमतो. संत्र्याच्या गरात ते कमी असते. नुसता संत्र्याचा गर आटवत बसाल तर पाक काळा होईल, पण घट्ट होणार नाही. यावर उपाय आपल्याच बांधावर आहे, तो म्हणजे पेरू. अर्धवट पिकलेल्या पेरूत पेक्टिन पुष्कळ असते.

आणि चौथी गोष्ट, कडूपणा. संत्र्याची बी आणि आतली पांढरी साल यांत कडवट द्रव्य असते आणि तापवल्यावर ते जास्त जाणवते. म्हणून बी एकही राहू देऊ नये. पुष्कळांचा संत्र्याचा मुरांबा फसतो तो इथेच.

करायचा कसा

दोन किलो संत्री घ्या. बारीक चालतील, डागी चालतील. सडकी, दबून पाणी सुटलेली किंवा बुरशी धरलेली चालणार नाहीत. भाद्रपदाच्या आसपास फळगळीत पडणारी हिरवी, अपक्व फळेही याच्या कामाची नाहीत. ती वेचून खड्ड्यात पुरावीत. सोलून, फोडींचे पापुद्रे आणि बिया काढून साधारण एक किलो गर मिळेल. तीन-चार चांगल्या संत्र्यांची साल वेगळी ठेवा. ज्या झाडावर नुकतीच फवारणी झाली आहे त्याची साल मात्र घेऊ नका. सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाका, केशरी सालीच्या बारीक काड्या चिरा आणि दोन-तीन वेळा पाण्यात उकळून प्रत्येक वेळी पाणी फेकून द्या. कडूपणा जातो आणि साल मऊ होते. साल आधी शिजवून घेतलीच पाहिजे, कारण एकदा साखर पडली की ती पुन्हा मऊ होत नाही.

अर्धवट पिकलेले दोन पेरू चिरून, बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळा आणि कपड्यातून गाळा. ते दाटसर पाणी गरात घाला. पसरट, जाड बुडाचे स्टीलचे पातेले घ्या. बिनकल्हईची पितळी किंवा तांब्याची भांडी आंबटाला नकोत. गर आणि साल दहा मिनिटे शिजू द्या, मग पाऊण किलो ते आठशे ग्रॅम साखर घाला. साखर विरघळली की चार कागदी लिंबांचा रस, बोटभर आल्याचा कीस, पाच-सहा लवंगा आणि अर्धा चमचा मीठ घाला.

आता तिखट. लाल तिखटाची पूड घातली तर रंग मळतो आणि पाक गढूळ होतो. त्यापेक्षा सात-आठ सुक्या लाल मिरच्या बिया झटकून जाडसर कुटाव्या. भिवापुरी मिळाली तर उत्तम. मिरची शेवटच्या पाच मिनिटांत घालायची. लगेच चाखून आणखी घालू नका. पहिल्या दिवशी गोडच लागेल. आठ दिवसांनी तिखट बोलायला लागते. वऱ्हाडी माणसाचा हात मिरचीला सैल असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आच मोठी ठेवा, झाकण ठेवू नका, हलवत राहा. मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तर पेक्टिन तुटते आणि रंग जातो. झाला का हे ओळखायला स्टीलची ताटली आधी थंड करून ठेवा, तिच्यावर थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने ढकला. थेंबाला सुरकुती पडली की पातेले उतरवा. ज्यांच्याकडे पाकाचा थर्मामीटर असेल त्यांनी पाणी उकळते त्यापेक्षा चार-पाच अंश वर गेले की थांबावे. काचेच्या बरण्या आणि झाकणे उकळत्या पाण्यातून काढून, कोरडी करून, गरम असतानाच गरम मुरांबा भरावा.

हिशेब पाहा. आठशे ग्रॅम साखर आणि एक किलो गरातला सुमारे शंभर ग्रॅम गोडवा, असे नऊशे ग्रॅम. ब्रिक्स ६७ धरला तर मुरांबा होतो सुमारे एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. त्यापेक्षा फार जास्त भरला तर समजा की पाणी राहिले आहे, तो टिकणार नाही. ओला चमचा बरणीत घालू नये. आणि वर बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाऊ नये. बरणीच्या बरणी टाकून द्यावी.

कैरीचा गुळांबा यापेक्षा सोपा. पेरू नको, लिंबू नको, सारे कैरीतच आहे. गूळ मात्र पाहून घ्या. पिवळाधम्मक, पांढुरका गूळ दिसायला छान, पण तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा असतो. गडद तांबूस गूळ घ्यावा. कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाची शिफारस केली म्हणून अध्यक्षसाहेबांनी रागावू नये. महाशिवरात्रीला कवठ येते, त्याच्या गरात पेक्टिन भरपूर. त्याचाही गूळ, तिखट, जिरे घालून असाच तिखट-गोड प्रकार होतो. अंबाडीच्या लाल बोंडांचे तर विचारूच नका, आंबटही तीच आणि घट्टपणाही तीच.

आक्षेप येतील ते

पहिला आक्षेप आमच्या भगिनींचाच येईल. "वेचणीच्या दिवसात कोणाले फुरसत हाय, भाऊ?" अगदी खरे. आंबिया बहाराचे संत्रे येते तेव्हा कापूस फुटलेला असतो आणि बाई दिवसभर वावरात असते. याला दोन उत्तरे आहेत. एक, संत्री सोलायला, बिया काढायला पुरुषाचे हात चालतात. संध्याकाळी पारावर बसून गप्पा मारतो त्याऐवजी तासभर ओसरीवर बसून दोन किलो संत्री सोलली तर कोणाची इभ्रत जात नाही. दुसरे, मृग बहाराचे संत्रे माघ-फाल्गुनात येते आणि कैरी चैत्र-वैशाखात. तेव्हा वेचणी संपलेली असते आणि हातांना फुरसत असते. फक्त साखर नसते. म्हणूनच तर पाडव्याच्या साखरेची मागणी आहे.

दुसरा आक्षेप तब्येतीचा. गावोगावी मधुमेह शिरला आहे आणि हा माणूस साखर खायला सांगतो, असे कोणी म्हणेल. घरचा झाला म्हणून मुरांब्यातली साखर कमी होत नाही; वर सांगितलेच आहे की त्यात दोन तृतीयांश साखरच असते. तो चमच्याने खायचा पदार्थ आहे, वाटीने नव्हे. ज्याला डॉक्टरने वर्ज्य सांगितले त्याने घरचाही खाऊ नये. टिकवण्यासाठी लागते त्यापेक्षा जास्त साखर घालण्याचेही कारण नाही. पण जे घर आजच जामची बाटली आणते त्या घराने तेवढाच जाम घरी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तिखट घातल्याचा एक फायदा असा की चमचा आपोआप छोटा होतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येईल. एवढे चांगले आहे तर कारखान्यानेच जामचा प्रकल्प काढावा, शेअर भांडवल गोळा करावे, कर्ज काढावे! मी याच्या विरुद्ध आहे. फळाचा हंगाम महिना-दोन महिन्यांचा, यंत्रे वर्षभर पोसायची, बाजारात मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती. विदर्भातले किती सहकारी कारखाने कर्जापायी बंद पडले, विकले गेले, भाड्याने गेले, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. गाळपाचे गणित सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, त्यात नवा हत्ती दारी बांधू नये. जाम करायला कारखाना लागत नाही, पातेले लागते. महिला बचत गटांना विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करावी, बरणीवर घटक आणि तारीख लिहावी आणि मग खुशाल विकावा. त्यांना कारखान्याने साखर द्यावी, उपदेश देऊ नये.

संचालक मंडळाकडे मागणे

पहिले मागणे वर सांगितलेच. सभासदांच्या साखरेचे दोन हप्ते करावेत. एकूण साखरेत एक किलोही वाढवून मागत नाही. उलट कारखान्याच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे. दिवाळीला गाळप जेमतेम सुरू झालेले असते किंवा व्हायचे असते, तेव्हा वाटप मागच्या हंगामाच्या शिल्लक साखरेतून करावे लागते. पाडव्याच्या सुमारास हंगाम संपत आलेला असतो आणि गोदाम भरलेले असते. २०१८ पासून केंद्र सरकार साखर विक्रीचा कोटा महिन्यामहिन्याने ठरवते, हे मला ठाऊक आहे. त्याचा मेळ कार्यालयाला घालावा लागेल, पण निम्म्या साखरेचा मेळ दोन वेळा घालणे हे सगळ्या साखरेचा मेळ एकाच महिन्यात घालण्यापेक्षा अवघड नसावे.

कोणी म्हणेल, दोनदा खेप कोण मारणार? दूरच्या गावच्या सभासदाला दोनदा यायचे म्हणजे दोनदा भाडे पडते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी दुसरा हप्ता गटवार, शेतकी कार्यालयात वाटावा. उसाची नोंद घ्यायला कारखाना गावात येतो, तसा साखर द्यायलाही यावा. ज्याला एकदाच हवी त्याला दिवाळीला सगळी देण्याची मुभा ठेवावी. सक्ती कोणावर नको.

दुसरे मागणे, साखरेचे कार्ड दाखवून घरची बाईही साखर उचलू शकेल अशी सोय असावी. आज शेअर बहुधा पुरुषाच्या नावे आणि सहीही त्याचीच. त्यामुळे साखर घरी येण्याआधीच तिचे काय करायचे ते परस्पर ठरते. पोते घरापर्यंत पोचलेच पाहिजे, वाटेतल्या दुकानात उतरता कामा नये. हे लिहिताना काही बंधूंना टोचेल, पण खोटे असेल तर सांगावे.

तिसरे मागणे, वर्षातून एक दिवस, पाडव्याच्या वाटपाआधी, कारखान्याच्या आवारात मुरांब्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या दाराशी आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथल्या जाणकारांना बोलवावे. त्याच दिवशी गावातल्या दोन-चार जाणत्या म्हाताऱ्यांनाही बोलवावे आणि त्यांना खुर्ची द्यावी. आपल्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टने भगिनींनी आणलेल्या मुरांब्याचा ब्रिक्स काढून सांगावा. कमी भरला तर पुन्हा आटवता येईल. उसाचा ब्रिक्स पाहणाऱ्या कारखान्याने एक दिवस घरच्या बरणीचा पाहिला तर काही बिघडत नाही.

बंधू-भगिनींनो, उसाच्या भावासाठी आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे. पण भाव वाढवून मिळणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. जे झाडाखाली सडते ते उचलणे आणि जे स्वस्तात जाते ते घरी ठेवणे हे मात्र आपल्या हाती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत साखर वाटपाचा विषय निघेल तेव्हा दोन हप्त्यांचा ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. ज्यांना पटेल त्यांनी हात वर करावा. आणि ज्यांच्या घरी कोणी मुरांबा करते, त्यांनी सभेला येण्याआधी तिचे मत विचारून यावे.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद